वालाला तहान लागू द्या

बाजारात वालाच्या शेंगा दिसायला लागल्या की लोकांच्या तोंडाला पाणी सुटतं, मला काळजी लागते. काल खारघर स्टेशनबाहेर एक बाई टोपलीवर ओलं फडकं टाकून बसली होती. फडक्याखालून हिरव्या शेंगा डोकावत होत्या, त्यांचा तो उग्र, किंचित कडवट वास येत होता. मी गेलो होतो कांदे आणायला. तो वास आला आणि मी तिथेच आठवायला लागलो, नळ बंद केलाय ना मी? नळ कुठला, काय कुठला. त्या हिवाळ्याला आता तीन वर्षं झाली, पण काळजी काही गेलेली नाही. काळजीचं आणि माझं पहिल्यापासून बरं जमतं.

आमच्या सोसायटीच्या गेटसमोर, रस्त्यापलीकडे, दोन मोकळे प्लॉट आहेत. ‘आमच्या’ म्हणतो ती सवय झाली म्हणून. मी तिथला दिवसपाळीचा वॉचमन. प्लॉटांवर बिल्डिंगी व्हायच्या होत्या, झाल्या नाहीत. एकाच्या पाटीवर सुंदर घर, त्याच्या दारात एक हसरं कुटुंब असं चित्र होतं. पावसाने त्यातला बाप पुसून गेला होता, आई आणि दोन मुलं तेवढी उरली होती. त्या कुटुंबाच्या पायाशी अख्ख्या सेक्टरचा कचरा. फुटक्या फरशा, गणपतीची मखरं, एक सोफा आणि तीन कमोड. कमोड लोक सकाळी सकाळी गुपचूप टाकून जायचे. इतकी जड वस्तू माणूस गुपचूप कशी आणतो, हे मी रोज गेटवर बसूनही मला कधी कळलं नाही.

आमचे सेक्रेटरी पाटणकरकाका. बँकेतून निवृत्त झालेले, इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशात दोन पेनं. त्यांनी प्लॉट ज्या ऑफिसचे होते तिथे अर्ज केला, की इमारती होईपर्यंत आम्हाला इथे बाग करू द्या. त्याच प्लॉटांसाठी टेम्पो पार्किंगचाही एक अर्ज होता. ऑफिसने म्हणे सांगितलं, एक हिवाळा बघू. संक्रांतीनंतर साहेब येतील, पाहणी करतील. काही पिकलेलं दिसलं तर बाग, नाही दिसलं तर टेम्पो.

कमोड हलले, सोफा हलला. वरच्या प्लॉटवर पेव्हर ब्लॉकची वाट आणि चार बाकडी आली. खालच्या प्लॉटवर भाजीपाला करायचा ठरलं. मग प्रश्न आला, करणार कोण? पार्किंगमध्ये मीटिंग चालली होती आणि मी खुर्च्या लावत होतो. पाटणकरकाका एकदम थांबले आणि माझ्याकडे बघून म्हणाले, “अहो, विलास आहे की आपला. विलास, तू गावाकडचा ना?”

मी म्हणालो, हो.

प्रश्न तेवढाच होता आणि उत्तर खरं होतं. मी माणदेशातला. पण शहराचा एक समज असतो, गावाकडचा म्हणजे शेतकरी. गावात असं नसतं. गावात जमीन कुणाला आहे, किती आहे आणि कुणाला बोटभरही नाही, हे शाळेतलं पोरगंसुद्धा सांगतं. आम्हाला बोटभरही नव्हती. आमचा पिढीजात बँड. वडील क्लॅरिनेट वाजवायचे, चुलते ढोल आणि मी खुळखुळा. लग्नसराई आणि परीक्षा एकाच महिन्यात येतात, आणि खुळखुळ्यावाचून बँड सुना वाटतो, म्हणून माझी शाळा सातवीत सुटली. शेत म्हणजे मला काय ठाऊक? वरात निघेपर्यंत ज्याच्या बांधावर बसायचं ती जागा. मालक लांबून ओरडायचा, पिकात पाय देऊ नका रे. आम्ही कधीच दिला नाही. माझी शेतीशी ओळख एवढीच.

हे मी त्याच मीटिंगमध्ये सांगायला हवं होतं. पण नाही म्हणायचं कुणाला? पाटणकरकाकांनी मला बँकेत नेऊन खात्याचा फॉर्म स्वतः भरून दिला होता. कावीळ झाली तेव्हा काकूंनी पंधरा दिवस उसाचा रस पाठवला होता. घरापासून इतक्या लांब राहणाऱ्या माणसाला कुणी उसाचा रस पाठवला की त्याच्या तोंडातून ‘नाही’ हा शब्द निघून जातो. आणि दुसऱ्या दिवसापासून सोसायटीतले लोक मला दादा म्हणायला लागले. आधी नुसता ‘वॉचमन’ होतो. लिफ्टमधून उतरताना लोक थांबून विचारायचे, दादा, गावाला यंदा पाऊस कसा आहे? मी आकाशाकडे बघून, जरा थांबून सांगायचो, बरा आहे.

रात्री बायकोला फोन केला, म्हटलं मी इथे शेती करणार आहे. सुनंदा इतकी हसली, की शेजारीण काय झालं ते बघायला आली. तिलाही सांगितलं. मग दोघी हसल्या.

पहिली मी कोथिंबीर लावली. धणे चोरीला जाऊ नयेत, चिमण्यांनी खाऊ नयेत, म्हणून कोपरभर खोल खड्डे केले. ही वॉचमनची बुद्धी. तिसऱ्या खड्ड्यात वाकलो होतो तेवढ्यात मागून आवाज आला.

“कोन मेला रं?”

वळून बघतो तर डोक्यावर सुक्या मासळीची पाटी घेतलेली एक म्हातारी. टॉवरच्या मागे जुना आगरी गाव आहे, तिथली नामीबाय. रोज याच रस्त्याने बाजाराला जायची. मी म्हटलं, कुणी मेलं नाही आजी, कोथिंबीर लावतोय. तिने खड्ड्यात डोकावून बघितलं, मग माझ्याकडे बघितलं.

“वर यायला जिना पन ठेव तिला.”

पाटी खाली ठेवून ती बांधावर बसली आणि सरळ विचारलं, गावाला जमीन हाय? या शहरात हे नीट विचारणारं पहिलं माणूस ते. मी म्हणालो, नाही. ती म्हणाली, आमच्यान पन नाय. मग माझ्या पायाखाली बोट दाखवून म्हणाली, “व्हती. ही.”

तो खालचा प्लॉट म्हणजे तिच्या सासऱ्याचं भाताचं खाचर, शहर बसवताना सरकारने घेतलेलं. वरच्या प्लॉटवर डंपरने मुरमाचा भराव टाकला होता, खालचा तसाच राहिला होता. जुनी चिकट काळी माती, भेगाळलेली. तिने ती अंगठ्याने चोळली आणि वासही घेतला. मी तिच्या तोंडाकडे बघत होतो, रडेल की काय म्हणून मला टेन्शन आलं होतं. ती रडली नाही. तिने मला एवढंच सांगितलं, की दिवाळीनंतर वाल पेर, आमी भात कापला का हितंच वाल पेरायचो.

असं आमचं सुरू झालं. सकाळी नामीबाय मला सांगायची, संध्याकाळी मी सोसायटीला सांगायचो. मधल्या वेळात ते ज्ञान माझं होऊन जायचं. तिने लुगड्याच्या गाठीतून वालाचं बियाणं आणलं. म्हणाली, बूट काढ, टाच रोवून उभा राहा, टाच गार लागली की खाली ओल हाय, तवा पेर. मी युनिफॉर्ममध्ये, टोपीसकट, अनवाणी शेतात उभा राहिलो. नेमकं पाटणकरकाकांनी गॅलरीतून ते बघितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी अकरा माणसं अनवाणी हजर. काहींनी डोळे मिटले होते. महाप्याला कॉम्प्युटर कंपनीत असलेल्या स्नेहलताईंनी सगळ्यांचा फोटो काढून ग्रुपवर टाकला, खाली लिहिलं, ‘मातीशी नातं’. मी कुणाला टाचेचं सांगितलंच नाही. इतकं छान नातं जुळलेलं, मध्ये कशाला बोला.

वाल उगवला. मातीतून मान खाली घालून येतो तो. आधी वाकलेला देठ दिसतो, मग एखादा माणूस कुबड सरळ करत उठावा तसा उभा राहतो. आजही त्या दिवसांत मी ड्युटीवर यायच्या आधी तिकडे जाऊन येतो. दव पडलेलं असतं, समोरच्या टेकडीवर धुकं असतं, मेट्रो वरून सरकत जाते आणि खाली ही एवढीशी कुबडी माणसं. त्या पहिल्या सकाळी तर मला वाटलं होतं, खुळखुळा वाजवावा.

पण उगवलं हीच चूक झाली, असं थोड्याच दिवसांत वाटायला लागलं. कारण उगवलं म्हटल्यावर पाणी आलं.

या मातीतला वाल पाण्यावर येत नाही, ओलीवर येतो. पावसाने जमिनीत सोडलेली जी ओल असते ना, तेवढ्यावर तो हिवाळा काढतो. पण आमच्या लोकांनी आयुष्यभर झाड म्हणजे गॅलरीतली कुंडी एवढंच बघितलेलं. पाणी घातलं नाही तर आपल्याला कोण निर्दयी म्हणेल, अशी भीती. पाटणकरकाकांनी पाण्याच्या पाळ्यांचा तक्ता करून लिफ्टमध्ये चिकटवला. ज्याची पाळी तो पाणी घालायचाच. ज्याची नाही तोही घालायचा, कारण ज्याची पाळी त्याने घातलं असेल याचा भरवसा नव्हता. स्नेहलताई ऑफिसला जाताना बाटलीतलं उरलेलं ओतायच्या. कुणाचा वाढदिवस, ओता पाणी. कुणी सत्यनारायण घातला, तीर्थसुद्धा आणून घातलं.

वाल माजला. पानं माझ्या पंजाएवढी, वेल बाकड्यांपर्यंत. लोक खूश. दादा, तुमच्या हाताला गुण आहे हो, असं म्हणायचे. नामीबाय मात्र रोज येऊन वेल उचलून बघायची आणि तोंड वाकडं करायची. मार्गशीर्ष सरत आला तरी फूल म्हणून नाही. गावातल्या परसात तिचा वाल पांढरा झाला होता.

“हे पानी बंद कर. नुसता पाला माजलाय. तान लागल्याबिगर वाल फुलत नाय.”

मी म्हटलं, आजी, साहेब येणार आहेत संक्रांतीनंतर. फुलं नसली तर टेम्पो येतील. ती म्हणाली, “म्हनून तर सांगते. पंधरा दीस थेंब नको. पानं मान टाकतील, टाकू दे.”

आता लोकांना थांबवणं आलं. मी आधी माझ्या मार्गाने प्रयत्न केला, म्हणजे खोटा. नळाला कुलूप लावलं आणि किल्ली हरवली म्हणालो. लोकांनी लिफ्टमधून बादल्या आणल्या. सातव्या मजल्यावरच्या एका आजोबांनी तर नातवाच्या पाण्याच्या पिस्तुलाने गॅलरीतून नेम धरला. मी पाइप लपवला, तर सोसायटीने नवा आणला, लांब. मग तक्ता फाडला. पाटणकरकाकांनी त्याला प्लास्टिकचं कव्हर घालून परत लावला.

शेवटी रविवारी सकाळी पार्किंगमध्ये मीच म्हणालो, की मला बोलायचंय. मीटिंगमध्ये मी कधी बोललो नव्हतो, खुर्च्या लावल्या होत्या. मी सांगितलं, पंधरा दिवस वालाला पाणी बंद. गलका झाला. कुणी म्हणालं, झाडं मरतील. कुणी म्हणालं, साहेब येणार आणि आपण सुकलेलं दाखवणार? स्नेहलताईंनी सगळ्यांना शांत केलं. म्हणाल्या, “एक मिनिट, दादा शेतकरी आहेत. दादा, तुम्ही नक्की सांगताय ना? तुम्ही म्हणाल तर आम्ही बंद करू.”

किती सोपं होतं. एकदा मान हलवली असती की झालं. पण त्यांनी माझ्या शेतकरीपणावर सगळा वाल पणाला लावला होता, आणि तो शेतकरीपणा तर नव्हताच. वाल मेला असता तर मी त्यांना फसवलं असं झालं असतं, आणि वाल जगला असता तरीही झालंच असतं. माझी टाच बुटात गार पडली होती.

मी म्हणालो, मी शेतकरी नाही. आम्हाला जमीन नाही. आमचा बँड होता. हे सगळं मागच्या गावातल्या नामीबायने शिकवलंय, ही तिचीच जमीन होती, आणि पाणी बंद करा हे तीच म्हणतेय.

कुणीतरी लिफ्टचा दरवाजा नीट लावला नव्हता. आतली बाई ‘कृपया दरवाजा बंद करा’ असं म्हणत होती.

पाटणकरकाकांनी चष्मा काढला. “मग इतके दिवस बोलला का नाहीस?”

“तुम्ही गावाकडचा का विचारलंत, शेतकरी का असं विचारलं नाहीत,” मी म्हणालो. हे उत्तर बरोबर होतं, पण पुरं नव्हतं. म्हणून पुढचंही बोललो. “आणि खरं सांगू काका? गावात आम्हाला कुणी कधी शेतकरी म्हटलं नाही. इथं म्हणत होते. बरं वाटत होतं.”

काकांनी चष्मा परत घातला. म्हणाले, त्या बाईंना बोलवा आधी.

नामीबाय आली ती पाटीसकट. अख्ख्या पार्किंगला सुक्या बोंबलाचा वास. स्नेहलताईंनी वही काढून विचारलं, आजी, एका झाडाला किती पाणी? नामीबाय म्हणाली, “बाय, तुला भूक लागायच्या आधी कोनी जेवायला वाडला तर खाशील का? तसा हाय ता.” स्नेहलताईंनी वही मिटली. वर नामीबायने जाता जाता विचारलं, तीर्थ कोनी घातला? कोणी हात वर केला नाही.

पाणी बंद झालं. पुढचे दिवस माझ्या नोकरीतले सगळ्यात अवघड. मी सोसायटीचं चोरांपासून रक्षण करायला ठेवलेला माणूस, आणि आता वालाचं सोसायटीपासून रक्षण करत होतो. पानं दुपारी खरोखर मान टाकायची. लोक कुंपणाबाहेर उभे राहून दवाखान्यात आल्यासारखे हळू बोलायचे. पाटणकरकाका माझ्याशी कामापुरतंच बोलत होते. त्यांना राग आला नव्हता, त्यांना वाईट वाटलं होतं. राग परवडला असता. आठवडाभर मी मनात बॅग भरत होतो आणि सोडत होतो.

एका सकाळी लवकर गेलो, तर शेताच्या कडेला पांढरा शर्ट वाकलेला. काका. हातात स्टीलचा पेला. मला बघून दचकले.

“थोडंसंच होतं रे, विलास.”

“नाही काका,” मी म्हणालो.

त्यांना मी आयुष्यात पहिल्यांदा नाही म्हणत होतो. काकांनी पेल्याकडे बघितलं, वालाकडे बघितलं आणि ते पाणी उभ्या उभ्या स्वतःच पिऊन टाकलं. मग बाहीने तोंड पुसून विचारलं, “खुळखुळ्याला सूर असतो का रे?” मी सांगितलं, सूर नसतो, पण चुकला तर सगळ्यांना कळतो. ते हसले.

आणि त्याच आठवड्यात फुललं. आधी एक तुरा, पानाआड, पांढरा, कुणी हरवलेलं बटण ठेवावं तसा. दुसऱ्या दिवशी सात. मग मोजणं जमेना. फुलाच्या मागोमाग चपट्या शेंगा आल्या, उन्हाकडे धरल्या की आतले दाणे दिसायचे. संक्रांतीला सोसायटीतल्या बायकांनी तिळगूळ वाटला आणि पहिला नामीबायला दिला. तिने तो खाल्ला आणि गूळ कमी झालाय असं सांगितलं.

साहेब आले ते मोटरसायकलवर. तरुण होते, हेल्मेट काखेत, हातात छापील कागद. वरच्या प्लॉटवर बाकडी बघितली, खाली वाल बघितला. एक शेंग तोडून दाताने फोडली, दाणा चावला. आम्ही सगळे त्यांच्या जबड्याकडे बघत होतो. ते म्हणाले, चांगलं ठेवलंय, वर्षभर वाढवून देऊ. आणि कागद उघडला. बागेची देखभाल करणाऱ्याचं नाव?

पाटणकरकाकांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हणालो, नामीबाय.

नामीबाय बांधावर शेंगा बघत बसली होती. साहेब पेन घेऊन तिच्याकडे गेले. तिने त्या कागदाकडे असं बघितलं, की साहेब दोन पावलं अलीकडेच थांबले.

“माजा नाव नको. एकदा दिला व्हता कागदावर.”

समोरच्या पाटीवर ती आई आणि दोन मुलं अजून हसत होती. नामीबायने हातातली शेंग ओटीत टाकली आणि मान माझ्याकडे केली. “याचा लिव. रोज हितंच असतो, जातो कुठं.”

साहेबांनी माझं नाव लिहिलं. मग पुढचा रकाना. “शेतकरी ना तुम्ही?”

सगळी सोसायटी उभी होती. ज्यांना खरं ठाऊक होतं तेच सगळे. तरी स्नेहलताई मान हलवून मला खुणावत होत्या, हो म्हणा, हो म्हणा. पाटणकरकाका आकाशाकडे बघत होते, जणू गावाला पाऊस कसा आहे ते तिथे लिहिलंय.

“वॉचमन,” मी म्हणालो. “शेती शिकतोय.”

साहेबांनी काय लिहिलं ते मला दिसलं नाही. रकाना लहान होता, त्यात एवढं मावलं नसावं. त्यांनी सही घेतली, हेल्मेट घातलं आणि गेले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. काकू चहा आणायला धावल्या. पाटणकरकाका साहेबांना हे कसं सांगितलं आणि ते कसं सांगितलं, हे सगळ्यांना सांगत होते, आणि सगळ्यांनी ते आत्ताच बघितलेलं असूनही ऐकत होते.

त्या गडबडीत नामीबायने पाटी डोक्यावर घेतली आणि माझ्याजवळ येऊन म्हणाली, “कागदाला नाव लागलाय तुजा आता. उद्या सकाली ये. वाल निघाला का भेंडी लावायची हाय, वाफं करायला घेऊ.”

वाफा कसा करतात, मला ठाऊक नव्हतं. मी तिला तसं लगेच सांगून टाकलं.